वर्दीचा मेल

आमच्या घाटकोपरच्या घरातल्या कॉम्प्युटरवर कुठल्याही निळ्या ई-मेल पत्त्यावर क्लिक केलं, की बाबांचा जुना मेलचा प्रोग्राम उघडायचा. बाबा गेल्यावर दुसरं वर्ष सुरू झालं, तरी तोच उघडायचा. आधी स्क्रीन थोडा वेळ पांढरी पडायची, मग तो सावकाश वर यायचा. स्वभावाने अगदी बाबांसारखा.

बाबांनी तो रिटायर झाल्यावर हौसेने बसवून घेतला होता. ऑफिसात त्यांना तोच सवयीचा होता. आम्ही बाकीचे कधीच ब्राउझरमधल्या मेलवर गेलो होतो, पण बाबांना ते पटायचं नाही. "आपलं टपाल आपल्या घरी यायला नको का? रोज दुसऱ्याच्या दारात जाऊन काय वाचायचं?" असं ते म्हणायचे. मी साकीनाक्याला नटबोल्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. तिथल्या कॉम्प्युटरचे आणि प्रिंटरचे रुसवेफुगवे दिवसभर काढल्यावर घरी येऊन बाबांशी वाद घालायचं त्राण कुणाला होतं? मी हात टेकले होते. त्यामुळे मेल लिहायचा म्हटलं की कॉम्प्युटर बाबांच्या प्रोग्रामलाच हाक मारणार, हे जे एकदा ठरलं, ते तसंच राहिलं.

आता गणपतीचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या घरचा गणपती पाळीचा. आजोबा मालवणकडून गिरणीत कामाला आले आणि एका खोलीत त्यांनी बाप्पा आणायला सुरुवात केली. पुढे त्यांचे तीन मुलगे तीन दिशांना गेले. बाबा घाटकोपरला, मधले काका बोरिवलीला, धाकटे काका मुलुंडला. पण गणपती एकच राहिला. दरवर्षी एका घरी तो बसतो आणि बाकीची दोन घरं तिथे जमतात. त्याच्याबरोबर आजोबांचा लाकडी पाटही घरोघर फिरतो. आमच्याकडे मूर्ती सांगायची म्हणजे तो पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, आणि मूर्तिकार त्या पाटावरच मूर्ती घडवतो. नागपंचमीपर्यंत पाट पोचला तर ठीक, नंतर तो सरळ हात जोडतो.

या सगळ्याची बोलणी पूर्वी फोनवरच्या ग्रुपवर चालायची. मग एका वर्षी आरतीच्या फोटोत कोण आलं आणि कोण कापलं गेलं यावरून असं काही पेटलं, की दोन घरं दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती. धाकट्या काकांनी ग्रुपच बंद करून टाकला. "गणपतीचं सगळं यापुढे मेलवर," ते म्हणाले. "मेल लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाचं डोकं थंड होतं." त्यांनी तिन्ही घरांच्या पत्त्यांचं एक छान पान करून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवून दिलं. त्यातल्या निळ्या पत्त्यावर बोट ठेवलं की झालं. ज्याची पाळी असेल त्याने आधी वर्दी द्यायची, म्हणजे यंदा गणपती आमच्याकडे बसतोय असा मेल सगळ्यांना पाठवायचा. मग आदल्या वर्षीचं घर त्याच्याकडे पाट पोचवणार. आणि पाळीवाल्याला आपण होऊन काही विचारायचं नाही, हा तर ग्रुपच्याही आधीपासूनचा दंडक. विचारलं, की "तुम्हाला जमणार नाही वाटतं" असा अर्थ निघतो. आमच्याकडे असे अर्थ फार पटकन निघतात.

यंदा पाळी आमची होती. पाट मुलुंडला, धाकट्या काकांकडे होता. आणि आमच्या घरात आता आई आणि मी, दोघीच.

पूजेला कोण बसणार हा प्रश्न त्यामुळे होता. आई लग्न होऊन आली त्या सुमारास आमच्या एका चुलत आजीचे यजमान गेले होते. तिच्याच घरच्या गणपतीला पूजेसाठी पुतण्याला बोलावलं गेलं आणि ती आतल्या खोलीत मोदक वळत राहिली. बाहेर आरती सुरू झाली तेव्हा ती दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आईनं हे मला लहानपणापासून कितीतरी वेळा सांगितलंय. दरवेळी सांगताना तिचा हात नकळत कशालातरी धरतो, ओट्याच्या कडेला नाहीतर खुर्चीच्या पाठीला.

जूनमध्ये एकदा जेवताना आई म्हणाली, "मी लिहिलंय भाऊजींना."

"काय लिहिलंस?"

"यंदा पाळी आमची आहे म्हणून. आणि विचारलंय, पूजेला मी बसले तर सगळ्यांना चालेल का, तेवढं विचारून कळवा."

मला आईचा इतका अभिमान वाटला, की मी नुसतंच "झकास" म्हटलं आणि आणखी भात वाढून घेतला.

मग आईचं वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी चहा झाला, की ती चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसायची. ब्राउझरमधला मेल मीच तिला उघडून दिला होता, त्यामुळे आलेलं वाचायला ती तिथेच जायची. विजेचं बिल यायचं, चपलांचा सेल यायचा, बँक तिला न चुकता कसल्या ना कसल्या शुभेच्छा द्यायची. मुलुंडहून काही नाही. सुरुवातीला ती काकांची बाजू घेऊन बोलायची. त्यांचा गुडघा दुखतोय, नातीची अ‍ॅडमिशन चाललीय. मग काकांचं नाव घेणं तिनं सोडलं. मग गणपतीचंही.

माझं डोकं फिरायला लागलं. "मी करते फोन काकांना," एका संध्याकाळी मी म्हटलं. "हो किंवा नाही, तोंडाने सांगायला काय झालं यार त्यांना?"

"खबरदार फोन केलास तर."

"अगं पण नागपंचमी आली. पाट तिकडे, आणि आपण इकडे तोंड बघत बसायचं?"

आई चिडली की मालवणीवर येते. "उत्तर इला नाय, ह्याच उत्तर गो! शहाण्याक आणखी काय सांगूक होया?"

मुलुंडचे काका म्हणजे बाबांच्या आजारपणात रोज डबा घेऊन हॉस्पिटलात येणारा माणूस. बाबांना दाढी करून दिलेली आवडायची म्हणून तेही करायचे. त्याच माणसानं आईला एका ओळीचंही उत्तर देऊ नये, हे मला गिळता येत नव्हतं. आईला तर काय वाटत असेल! नवरा गेल्याचं दुःख तिनं कसंबसं पोटात घातलं होतं. आता आपल्याच गणपतीच्या पूजेला आपण चालत नाही, असं तिला सगळ्यांनी गप्प बसून सांगितलं होतं. निदान आम्ही दोघी तसं धरून चाललो होतो.

पण हळूहळू आईत काहीतरी बदलत गेलं. एक दिवस ऑफिसातून आले तर समया, ताम्हण, पळीपंचपात्र, सगळं चिंचेनं लखलखीत घासून ओट्यावर पालथं घातलेलं.

"आलं का उत्तर?" मी आशेनं विचारलं.

"नाही."

"मग हे?"

"काळी पडली होती," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी अथर्वशीर्ष म्हणायला लागली. पूर्वी पुटपुटायची, आता मोठ्यानं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्याकडे कॅसेट लावता का? मी म्हटलं, नाही हो, आमची लाइव्ह असते.

आणि मग तो रविवार आला. आमच्या बाथरूमच्या छतातून वरच्या घरचं पाणी ठिबकत होतं. सोसायटीत हल्ली तक्रार मेलनेच करावी लागते, तोंडी केलेली कुणी ऐकत नाही. नोटिशीतल्या निळ्या पत्त्यावर मी क्लिक केलं. स्क्रीन पांढरी पडली आणि बाबांचा प्रोग्राम सावकाश वर आला. पाठोपाठ एक लहान चौकट आली, पासवर्ड मागणारी. आणि कडेला आउटबॉक्स हा शब्द ठळक अक्षरात दिसत होता, म्हणजे पाठवायचं काहीतरी आत अडकलेलं होतं.

मी उघडून बघितलं. मुलुंडच्या काकांना लिहिलेला आईचा मेल होता तो.

काय झालं असणार हे मला लगेच कळलं, रोजचंच काम माझं. मेल कंपनीनं मध्यंतरी जुन्या प्रोग्रामांचे जुने पासवर्ड घेणं बंद केलं होतं. बाबांचा प्रोग्राम त्यामुळे दारातच अडला होता. पण कुणी काही लिहून 'पाठवा' म्हटलं, की तो गुमान घ्यायचा, खिडकी बंद करायचा आणि आत जपून ठेवायचा. लिहिणाऱ्याला वाटणार, गेलं. आणि ती पासवर्डची चौकट? ती आईनं नक्कीच बंद केली असणार. कुठलीही खिडकी पासवर्ड मागायला लागली की फुलीवर टिचकी मारायची, असं मी तिला घोकून घोकून शिकवलं होतं. माझी विद्यार्थिनी गुणी निघाली होती.

"आई! इकडे ये जरा."

ती हात पुसत आली. मी दाखवलं. तिनं चष्मा वरखाली करून दोनदा वाचलं.

"म्हणजे गेलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे भाऊजींनी वाचलाच नाही."

"कसे वाचतील? आणि बघ, गेला असता तरी बाबांच्या नावानं गेला असता. पूजेला मी बसले तर चालेल का, आणि खाली पाठवणारे बाबा. काका जागच्या जागी चक्कर येऊन पडले असते."

आई दिवाणावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "आणि मी त्या माणसाला मनात काय काय बोलले गं! डबे आणले त्यानं आपल्याला."

तेवढ्यात दोघींच्याही लक्षात दुसरी बाजू आली. मुलुंडला काका वर्दीची वाट बघत बसले असणार. वहिनींना यंदा झेपत नाहीये, नाहीतर मन होत नाहीये, आणि आपण विचारायचं नाही, असं म्हणत पाट समोर ठेवून गप्प बसले असणार. एका घरी उत्तराची वाट, दुसऱ्या घरी वर्दीची. मानाच्या पायी यंदाच्या गणपतीची वाट लागायची वेळ आली होती.

"बदल ते आधी," आई म्हणाली.

मी सेटिंग्ज उघडली. अ‍ॅप्स, मग डिफॉल्ट अ‍ॅप्स, मग ई-मेल. तिथे बाबांच्या प्रोग्रामचं चित्र होतं. त्याच्यावर क्लिक केलं की दुसरी नावं येतात, त्यातलं ब्राउझरचं निवडायचं, बस. कारखान्यात मी हे डोळे मिटून करते. घरी मात्र माझा हात थांबला. बाबांच्या हातचं असं घरात फारसं काही चालू राहिलं नव्हतं. घड्याळ बंद पडलं होतं, त्यांची स्कूटर दिली होती. हा एक प्रोग्राम तेवढा हाक मारली की अजून उठून येत होता.

आईला ते कळलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तो कुठे जात नाहीये ना?"

"नाही. फक्त आपण होऊन उघडणार नाही. मुद्दाम उघडला तर उघडेल."

"मग कर. त्यांनाही आता आराम होऊ दे."

मी केलं. मग काकांच्या त्या पानावर जाऊन मुलुंडच्या पत्त्यावर क्लिक केलं. ब्राउझरमध्ये कोरा मेल उघडला आणि पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव आलं.

"थांब, जुना मजकूर इथे चिकटवते," मी म्हटलं.

"वाच बघू तो एकदा."

मी मोठ्यानं वाचला. पूजेला मी बसले तर सगळ्यांना चालेल का, कृपया विचारून कळवावे, आपली इच्छा नसल्यास माझी हरकत नाही. आई ऐकत होती, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं ऐकावं तशी.

"नको हा," ती म्हणाली. "सर तिकडे."

ती खुर्चीवर बसली आणि एका बोटानं टाइप करायला लागली. मी मागे उभी राहून वाचत होते. यंदा गणपती आमच्याकडे बसेल. पूजेला मी बसणार आहे. पाट लवकर पाठवावा. आरतीला सगळ्यांनी यावे, जेवून जावे.

इतका वेळ वाघीण झालेली मी एकदम भिजल्या मांजरासारखी झाले. "आई, निदान 'चालेल ना' एवढं तरी घाल. बोरिवलीच्या काकी कशा आहेत माहितीय ना? एकदम असं सांगितलं तर..."

"एवढे दिवस मला वाटत होतं, त्यांनी नाही म्हटलंय," आई म्हणाली. "तरी मी भांडी घासली. मनात म्हटलं, कुणी येवो न येवो, बसणार तर मीच. आता काय विचारायचं राहिलंय?"

तिनं बोरिवलीचा पत्ताही घातला आणि पाठवलं. यावेळी मी दोनदा तपासलं. मेल गेला होता.

संध्याकाळच्या आत मुलुंडचं उत्तर आलं. वहिनी, रविवारी सकाळी पाट घेऊन येतो, चहा घेईन, नाश्ता नको. दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या काकींचं आलं. सारणाचे नारळ तुम्ही फोडत बसू नका, सारण मी करून आणते. मी ते वाक्य ऑफिसात वाचलं आणि आमच्या मशीन चालवणाऱ्या सगळ्या लोकांना चहा सांगितला. कशाबद्दल, हे कुणाला सांगितलं नाही.

रविवारी काका आले, जुन्या चादरीत गुंडाळलेला पाट काखेत धरून. गुडघा खरंच दुखत होता त्यांचा. आईनं पाट घेतला, कपाळाला लावला आणि देव्हाऱ्याजवळ भिंतीला टेकवला. नाश्ता नको म्हणणाऱ्या काकांनी दोनदा पोहे घेतले.

"रोज मेल बघत होतो, वहिनी," ते म्हणाले. "दोन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. ही म्हणाली, विचारा सरळ. म्हटलं, पाळीवाल्याला विचारायचं नाही. मूर्तिकाराला मात्र सांगून ठेवलं होतं, आमचा पाट येतोय, उशीर झाला तरी जागा ठेव."

म्हणजे या माणसानं आमची पाळी आमच्यासाठी धरून ठेवली होती. मी त्यांच्या ताटलीत शेव वाढत राहिले.

काकांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "एक सांगू? तुम्ही विचारलं नाहीत ते फार बरं केलंत. चालेल का म्हणून विचारलं असतंत, तर मला सगळ्यांना विचारावं लागलं असतं. कुणी हो म्हटलं असतं, कुणी भटजींना विचारा म्हटलं असतं, कुणी गावाला फोन लावला असता. आणि शेवटी मला तुम्हाला काहीतरी गुळमुळीत कळवायला लागलं असतं. तुम्ही सरळ सांगितलंत, मला फक्त पाट आणायचा राहिला."

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मी शेवेचा डबा बंद करायला आत गेले.

काका गेल्यावर आई कॉम्प्युटरपुढे बसली. "यांचा प्रोग्राम कसा उघडायचा आता, मुद्दाम?"

मी दाखवलं. तो उठून आला. आउटबॉक्समध्ये तिचा मेल तसाच होता.

"हा कधी आपोआप जाईल का गं?"

"उद्या कुणी पासवर्ड दुरुस्त केला, तर लगेच जाईल."

तिनं तो निवडला आणि काढून टाकला. कायमचा काढायचा का, असं त्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं. खिडकी मात्र तिनं बंद केली नाही.

"लग्न झाल्यावर मी माहेरी पत्रं लिहायची," ती म्हणाली. "यांच्याकडे द्यायची, ऑफिसला जाताना पेटीत टाका म्हणून. हे खिशात घालायचे आणि विसरायचे. शर्ट धुवायला टाकताना सापडायची मला. किती भांडले असेन त्यावरून! आयुष्यात माझं एक पत्र त्यांनी धड पोचवलं नाही."

तिनं पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली.

"आणि या खेपेला किती बरं झालं बघ."